यीस्टच्या पेशीत डीएनए इतका घट्ट गुंडाळलेला असताना प्रथिने त्याच्यापर्यंत पोहोचतात कशी?

‘एटीपी (पेशीचे इंधन) वापरणारी यंत्रणा गुंडाळी सोडवते, एवढेच ना?’ असे आपण प्रश्नाखाली विचारले आहे. याच ‘एवढेच’वरून प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझे दीर्घकाळ मतभेद होते, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

माझे काम यीस्टच्या फो५ या जनुकावर होते, जे फॉस्फेट कमी पडल्यावर सुरू होते. फॉस्फेट मुबलक असताना त्याच्या प्रोमोटरवर (जनुक सुरू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागावर) न्यूक्लिओसोम, म्हणजे हिस्टोन प्रथिनांचा गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेला डीएनए, ठरलेल्या जागी बसलेले असतात. फो४ हे जनुक सुरू करणारे प्रथिन ज्या दोन जागी बसते, त्यांपैकी एक दोन न्यूक्लिओसोमांमधील उघड्या पट्ट्यात असते, तर दुसरी न्यूक्लिओसोमखाली झाकलेली असते. फॉस्फेट संपले की फो४ केंद्रकात टिकते, उघडी जागा धरते आणि तेथे स्विस्निफसारखी एटीपीवर चालणारी, न्यूक्लिओसोम हलवणारी प्रथिनयंत्रे व हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल हे रासायनिक गट चढवणारे जीसीएन५ हे विकर खेचून आणते. म्हणजे यंत्र कोठे चालावे, हे आधी पोहोचलेले प्रथिन ठरवते.

सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, स्निफ२ (स्विस्निफमधील एटीपी वापरणारा भाग) काढून टाकले की फो५ उघडणारच नाही, प्रयोगाचीही गरज नाही. मी स्निफ२ नसलेले यीस्ट फॉस्फेटविना वाढवले, केंद्रके वेगळी केली आणि त्यांत क्लाएआय हे विकर घातले, जे न्यूक्लिओसोम हटला असेल तरच तेथील डीएनए कापते. सुरुवातीच्या तासांत कापणी नगण्य होती. रात्रभर फॉस्फेटविना ठेवलेल्या पेशींत मात्र, डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर, कापलेल्या तुकड्याचा पट्टा ठळक आला. ‘विकर जास्त पडले असेल,’ असे ते म्हणाले, पण त्याच जेलवर फॉस्फेट दिलेल्या पेशींचा नमुना जवळजवळ न कापलेला होता. म्युनिकच्या वोल्फ्राम ह्योर्त्स यांच्या गटाने १९९०च्या दशकातच फो५ स्विस्निफविना उघडू शकते हे दाखवले होते, तरी सहकारी ते मान्य करण्यास तयार नव्हते. त्यामुळे माझा आग्रह आहे की, एखादे प्रथिन ‘अनिवार्य’ असल्याचे वाचाल तेव्हा मोजणी किती वेळांना केली, हे आधी पाहावे. एकाच वेळेच्या मोजणीत उशीर आणि अभाव सारखेच दिसतात.

शिवाय न्यूक्लिओसोममधील सुमारे १४७ आधारजोड्या (डीएनएच्या लांबीचे एकक) लांबीच्या डीएनएची टोके आपोआप क्षणभर सुटतात, त्यामुळे कडेच्या जागा यंत्राविनाही प्रथिनांच्या हाती लागतात. मधल्या जागांना ही संधी फारच क्वचित मिळते.

अर्थात फो५ हे एकच जनुक आहे. अनेक प्रोमोटरांवर रेब१ किंवा एबीएफ१ ही डीएनएवर बसणारी प्रथिने आणि आरएससी हे स्विस्निफसारखेच यंत्र यांनी मोकळी जागा आधीच राखलेली असते. आणि सुक्रोज पचवण्यासाठी लागणारे सुक२ जनुक स्विस्निफवर खरोखरच फार अवलंबून असते, तेथे सहकाऱ्यांचे म्हणणे योग्य ठरते.