नोंद होती, पण पाहिली गेली नाही

प्रश्न : माझ्या आईला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे केस पेपरच्या पहिल्याच पानावर लिहिलेले होते. तरीही तिला को-ॲमॉक्सिक्लॅव्हचे इंजेक्शन शिरेतून देण्यात आले. काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली आणि रक्तदाब कोसळला. ती वाचली, मात्र ‘अशी रिॲक्शन कोणालाही येऊ शकते’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले. हे मान्य करावे का?

उत्तर : ज्याला पूर्वी कधीच त्रास झालेला नाही, अशा रुग्णाबाबत हे उत्तर खरे ठरले असते, आपल्या आईबाबत ते पटणारे नाही. को-ॲमॉक्सिक्लॅव्हमधील ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातले औषध आहे. नावात ‘पेनिसिलिन’ दिसत नसल्याने, त्यातून चिठ्ठीवर कंपनीने दिलेले नाव असल्यास, ही गफलत सहज होते, आणि म्हणूनच इंजेक्शन भरण्यापूर्वी नोंद पाहणे व रुग्णाला तोंडी विचारणे या दोन्ही गोष्टी अपेक्षित असतात. (अशी नोंद असलेल्या बहुतेकांना तपासणीअंती ॲलर्जी नसल्याचे आढळते, हे खरे, पण ते तपासूनच ठरवायचे असते.)

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या मिनिटांचा हिशेब. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अशा जीवघेण्या तीव्र ॲलर्जीत, पहिले औषध ॲड्रेनॅलिन हेच : प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि उतार न पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. ॲलर्जीविरोधी इंजेक्शनाने गांधी बसतात, परंतु कोसळलेला रक्तदाब त्याने किंवा स्टिरॉइडने वेळेत सावरत नाही. तेवढ्यावर भिस्त ठेवून ॲड्रेनॅलिनला उशीर झाला असेल, तर ती पहिलीपेक्षा वेगळी, दुसरी चूक होय. म्हणून नर्सिंगच्या नोंदी व औषधांच्या तक्त्यासह केस पेपरची संपूर्ण प्रत लेखी मागावी आणि इंजेक्शन, पहिले लक्षण व ॲड्रेनॅलिन या तिन्हींच्या वेळा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. पहिल्या काही तासांत रक्तातील ट्रिप्टेज (अशा रिॲक्शनमध्ये वाढणारे एक द्रव्य) तपासले असल्यास तो अहवालही घ्यावा. ते वाढलेले असल्यास निदानाला बळकटी येते, मात्र नसल्यास निदान खोटे ठरत नाही.

भरपाई मागताना चुकीबरोबरच त्या चुकीमुळेच इजा झाली हेही दाखवावे लागते, तेव्हा ही कागदपत्रे आधी त्रयस्थ तज्ज्ञाला दाखवावीत. दरम्यान आईला ॲलर्जीतज्ज्ञांकडे न्यावे आणि तिच्या पर्समध्ये ठेवायच्या चिठ्ठीवर नुसते ‘पेनिसिलिन’ न लिहिता ‘ॲमॉक्सिसिलिन, को-ॲमॉक्सिक्लॅव्ह’ ही नावेही स्पष्ट लिहावीत.