परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हाफकिन कोण होते? त्यांना नोकरीवरून काढलं होतं हे खरं का?

काढलं नव्हतं, निलंबित केलं होतं. आणि ज्या ठपक्यावरून केलं, तो टिकला नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून तपासायचं, काम करते. बाटलीचं बूच काढताना मला हाफकिन हटकून आठवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वॉल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसात, ज्यू घरात जन्मले. धर्म बदलला असता तर तिथेच प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, तर तिथे जागा होती ती ग्रंथालयात. ती नोकरी सांभाळून 1892 मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस केली, आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. हाफकिनना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली नि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून, तीन शिपाई. त्यांची रीत मला फार आवडते. बोकडाच्या मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं तूपच! जंतू त्या थेंबांना धरून पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढतात. भांडं हलवलं की ते तळाशी बसतात, वर नवे धरतात. भरपूर झाले की उष्णतेने मारायचे, की लस तयार.

10 जानेवारी 1897 ला ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना दिली, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना केली. लस घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही कमी निघाले. त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. या दोन तारखांमधलं अंतर मोजलं की जीव हळहळतो.

आता तुमचा खरा प्रश्न. 30 ऑक्टोबर 1902 ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी हाफकिनच्या परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली लस टोचली. एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिननी लसीत कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालणं बंद केलं होतं, म्हणून दोष त्यांच्यावर आला आणि ते निलंबित झाले. खरं तर उष्णतेने निर्जंतुक करण्याची रीत पॅरिसमध्येही चालत होती. गावातल्या मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे चौकशीतच नोंदलेलं होतं. शिवाय बाटली परळलाच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांत आतले जंतू वाढून उघडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता.

तरी निकाल लागायला 1907 उजाडलं. मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे सरकारने हाफकिनना पुन्हा कामावर घेतलं. पण परळला नाही, कलकत्त्याला. स्वतः उभी केलेली प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही, हे मला त्या निलंबनापेक्षाही जास्त लागतं.

संस्थेला त्यांचं नाव 1925 मध्ये दिलं. 1930 साली ते लोझान इथे वारले. म्हणजे नाव त्यांच्या हयातीत लागलं, एवढं तरी बरं झालं.