दामदुप्पट कुणाच्या बाजूची?

प्रश्न : गावात 'तीन वर्षांत दामदुप्पट' अशी पत्रकं वाटली जात आहेत. आमचे आजोबा मात्र म्हणत, 'दामदुप्पट झाली, आता सावकाराला पुढे मागता येत नाही.' खरा अर्थ कोणता? आणि हा शब्द आला कुठून?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आजोबांचाच अर्थ जुना आणि खरा. दिवाणी कोर्टात वकिली करताना मी हा शब्द कर्जदाराच्या बाजूनेच उच्चारला आहे, त्यामुळे पत्रकावर तो दिसला की मला राग येतो.

यातला 'दाम' मुळात ग्रीक. तिकडच्या द्राख्मे नाण्याचं संस्कृतात 'द्रम्म' झालं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) कोष्टकच आहे : 16 पणांचा एक द्रम्म, 16 द्रम्मांचा एक निष्क. प्राकृतात 'दम्म' होऊन पुढे आपल्याकडे 'दाम' उरला. चमडी गेली तरी न सुटणारी दमडीही याच घरातली. अकबराच्या काळी दाम तांब्याचा होता, 40 दामांना एक रुपया.

'दुप्पट' धर्मशास्त्रातून आलं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटलं आहे, 'कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति सकृदाहृता'. म्हणजे एकदम वसूल करायचं झालं, तर व्याज धरून रक्कम मुद्दलाच्या दुपटीपुढे जात नाही. (धान्याला मात्र पाचपटीपर्यंत मुभा होती. धान्य उसनं नेणारा बहुधा सर्वांत गरीब, म्हणून हे मला आजही खटकतं.)

मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनी हा नियम मान्य केला आणि निकालपत्रांतही नाव 'दामदुपट' असंच ठेवलं. समजा मुद्दल 5,000 रुपये आहे आणि व्याज चढत चढत 9,000 झालं. सावकाराला व्याजापोटी एका वेळी 5,000 च मागता येत. आधी वेळोवेळी फेडलेलं व्याज मात्र यात धरत नसत, आणि मूळ कर्जदार हिंदू असावा लागे. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराच्या कर्जापुरती धर्माची अट उरली नाही : मुद्दलाहून जास्त व्याजाचा हुकूमनामा कोर्टाने द्यायचाच नाही.

ठेवीदाराला दुप्पट पैसे मिळतील, असं वचन या शब्दात कधीच नव्हतं. पत्रक वाटणाऱ्याला एवढंच विचारा, पैसे दुप्पट होणार ते कोणत्या धंद्यातून, आणि ठेवी घेण्याचा परवाना कुणी दिला?