डिटेलिंगचे पैसे नक्की कशाचे, बाटलीचे की हाताचे?

तुमचा प्रश्न वाचला. काळी सेडान आहे, पाच वर्षं झालीत, उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसतं. स्टुडिओवाल्याने पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग (पेंटवर लावायचा पातळ संरक्षक थर) मिळून ३० हजार सांगितले, तुम्ही त्याच्या रॅकवरच्या बाटल्यांचे फोटो काढून आणलेत आणि त्याच बाटल्या ऑनलाइन सात-आठ हजारात दिसतायत, तर मग वरचे पैसे कशाचे आणि घरी केलं तर तसंच होईल का.

मी हेच काम, म्हणजे गाडीचं धुणं, पॉलिश, कोटिंग असं डिटेलिंग करतो, अकरा वर्षं झाली. आधी कोल्हापुरात एका वॉशिंग सेंटरला, मग एका पेंटर वस्तादांच्या हाताखाली, आणि आता पुण्यात वाघोलीच्या बाजूला दोन गाड्या उभ्या राहतील एवढी स्वतःची जागा आहे. सरळ सांगतो, वरचे पैसे हाताचे आणि वेळेचे आहेत, कारण सेडानचं नीट दोन स्टेपचं पॉलिश (आधी चरे काढायचे, मग चमक आणायची) म्हणजे दोन माणसांचे दोन दिवस कुठे गेले कळत नाही. पण सगळंच काम हाताचं आहे असंही नाही, काही ठिकाणी स्वस्तातली वस्तू खरंच गाडी खराब करते, आणि काही कामं तर तुम्ही घरी कुठल्याही वॉशिंग सेंटरपेक्षा चांगली करू शकता.

आधी ते जाळं काय आहे ते बघू. रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरा, उजेडाभोवती गोल गोल रेषा दिसतील. टॉर्च सरकवला की ते गोलही सरकतात. म्हणजे चरे गोल नसतातच, सगळ्या दिशांनी हजारो बारीक चरे असतात आणि त्यातले उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात म्हणून गोल वाटतं. आणि हे चरे रस्त्यावर पडत नाहीत हो, गाडी पुसताना पडतात. सकाळी सहाला सोसायटीत जो पोरगा येतो त्याच्याकडे अर्धी बादली पाणी आणि एक फडकं, त्यात पंधरा गाड्या. त्याला महिन्याला गाडीमागे जे मिळतं त्यात तो याहून जास्त काय करणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण पहिल्या गाडीची माती त्याच फडक्यातून तुमच्या बोनेटवर येते आणि पाच वर्षं रोज येते.

आता ज्याच्यावर हे चरे आहेत तो क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे चरे बुजवणं नव्हे, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. एका कटिंगला, म्हणजे चरे काढायच्या घासण्याला, एक ते तीन मायक्रॉन जातात, आणि गेलेला क्लिअर परत येत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो की पॉलिश आयुष्यात मोजून दोन-चार वेळाच करायची गोष्ट आहे, दर दिवाळीला नाही.

वस्तादांकडे तेव्हा एकच कंपाउंड (चरे घासून काढायची पेस्ट) असायचं, मोठ्या डब्यातलं थ्रीएमचं रबिंग, मारुती असो की मर्सिडीज तेच. तरी त्यांच्या हातची गाडी बाहेर पडली की लोक थांबून बघायचे. ते करायचे काय, तर प्रत्येक पासनंतर, म्हणजे मशीनच्या प्रत्येक फेरीनंतर, उलटा हात पत्र्याला लावायचे, हात ठेववला नाही की मशीन बंद. प्रत्येक पॅनलनंतर (दार, बोनेट असा एकेक भाग) जुन्या टूथब्रशने मशीनचं पॅड झाडायचे, कारण निघालेला क्लिअर आणि वाळलेलं कंपाउंड पॅडमध्ये बसलं की तेच परत चरे पाडतं. मशीनचा आवाज जड झाला की ते मान वर न करता लांबूनच ओरडायचे, पॅड भरलं बघ. आणि कडेवर कधीच मशीन न्यायचे नाहीत, आधी सगळ्या कडांना मास्किंग टेप, कारण पेंट ओला असताना कडेवरून ओघळून बाजूला जातो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो.

हे मला माहीत होतं आणि तरी मी चुकलो. वस्ताद गावी गेले होते, लाल हॅचबॅक आली होती, नुकतंच एक महागडं जर्मन कंपाउंड आणलेलं, कोरं वूल पॅड, रोटरी मशीन (ज्यात पॅड एकाच जागी नुसतं गरगर फिरतं). दाराच्या मधल्या घडीवर टेप लावायचा कंटाळा केला, तिथे दोनएक सेकंद जास्त थांबलो असेन, आणि मशीन उचललं तर लाल रंगात बोटाएवढी राखाडी पट्टी, खालचा प्रायमर. बाटली त्या गॅरेजमधली सगळ्यात भारी होती. अख्खं दार पेंट करून द्यावं लागलं आणि तीन महिने पगारातून पैसे कापून घेतले, त्यात वस्तादांचं काही चुकलं नाही.

रोटरी तुम्ही घेऊच नका. डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर घ्या, त्यात पॅड फिरतंही आणि डोलतंही त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. पण डीएलाही हात लागतो. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, त्यात आडवे-उभे मिळून चार ते सहा पास, आणि सरकायचं सेकंदाला इंचभर, याहून जोरात नाही. नवीन माणूस इथेच चुकतो, तो फरशी पुसल्यासारखा मशीन फिरवतो, कंपाउंड वाळतं, चरे तसेच, मग वैतागून जोर देतो, जोर दिला की पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. यावर एक साधी युक्ती आहे, बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर बसतं ती चकती) कडेला काळ्या मार्करने एक रेघ मारून ठेवा, चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसली तर काम होतंय, एका जागी थरथरताना दिसली तर जोर कमी करा किंवा मशीन सपाट धरा. बोनेटच्या उतारावर तर हे सारखं होतं.

कंपाउंडचीही गंमत कळली पाहिजे. काहींमधले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात, ती अर्ध्यात सोडली तर पत्र्यावर धूसरपणा राहतो. मेग्वायर्सच्या एम१०५ सारख्यांतले कण फुटत नाहीत, ती किती घासायची ते आपल्याला ठरवावं लागतं. म्हणजे बाटली बदलली की हाताची चाल बदलते, आणि यूट्यूबवर बघून घेतलेली बाटली आणि यूट्यूबवर बघितलेली चाल दोन वेगळ्या व्हिडिओतल्या असल्या की झालं. मागच्या वर्षी एकजण अगदी तुमच्यासारखीच काळी गाडी घेऊन आले, सामान माझ्यापेक्षा चांगलं होतं त्यांच्याकडे, पण दुपारी पार्किंगमध्ये उन्हात केलेलं, तापलेल्या पत्र्यावर. जाळं गेलेलं पण सगळीकडे दुधी धूर बसल्यासारखा. तेच पॉलिश त्यांनी आणलेल्या बाटलीतून, त्यांच्याच मशीनवर, सावलीत मऊ फोम पॅड लावून एका चौकोनावर मारून दाखवलं, त्यांना त्यात स्वतःचा शर्ट दिसायला लागला, मग म्हणाले राहू दे, तुम्हीच करा.

मग वस्तू कुठे महत्त्वाची? माझ्या मते सगळ्यात आधी फडकं. घरातलं जुनं बनियन, केशरी डस्टर, चहाच्या टपरीवरचा पंचा, यातलं काहीही पेंटला लावू नका, कोरडं तर मुळीच नको. मायक्रोफायबर घ्या, पुसायला ३५० जीएसएमच्या (कापडाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं आणि पाणी टिपायला ५०० च्या वरचं जाड, आणि त्यावर शिवलेलं लेबल असेल तर पहिल्यांदा ते कापा, त्या लेबलाने मी चरे पडलेले बघितलेत. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नका, लिंट, म्हणजे सुताचे तंतू, चिकटतात, आणि कम्फर्टसारखं सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने पाणी शोषणं बंद होतं. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, कितीही झटकलं तरी. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिला आठवडा त्याला फक्त फडकी धुवायला देतो, त्याला वाटतं शिक्षा आहे, पण अर्धं काम तिथेच आहे.

दुसरं शाम्पू. कपडे धुवायची पावडर नको, ती वॅक्स काढते आणि रबर-प्लास्टिक पांढरं पाडते, पण म्हणून हजार रुपयांचाही लागत नाही, कुठल्याही बऱ्या कंपनीचा न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू चालतो. तिथे जास्त पैसे घालणं मला पटत नाही.

आणि तिसरी गोष्ट कुणी प्रॉडक्ट म्हणून मोजतच नाही, ती म्हणजे पाणी. आमच्या भागात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, गिझरची कॉइल काढून बघा केवढा थर बसतो. ते पाणी तापलेल्या काळ्या पत्र्यावर वाळलं की क्षार तिथेच राहतात आणि जास्त दिवस राहिले तर क्लिअरमध्ये खड्डा करतात. बरेच लोक आरओमधून वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतात, हेतू चांगला आहे, पण त्यात क्षार जास्तच असतात, चाकं आणि खालची बाजू धुवा त्याने, शेवटचा हात मात्र जरा बऱ्या पाण्याचा मारा आणि लगेच टिपून घ्या. सकाळी ऊन यायच्या आत, सावलीत. पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश आहेत, नंतर पाण्याने धुवून काढावे लागत नाहीत असे, ऑप्टिमम नो रिन्सचं प्रमाण एकास २५६ आहे म्हणजे १० लिटरच्या बादलीत ४० मिली, सोसायटीत पाइप लावू देत नाहीत त्यांच्यासाठी उत्तम. पण पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या गाडीवर तेही नको, आधी पाण्याचा मारा करून माती सुटलीच पाहिजे.

धुवायची पद्धत थोडक्यात: दोन बादल्या, एक शाम्पूची एक साध्या पाण्याची, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) प्रत्येक पॅनलनंतर आधी साध्या पाण्यात खळखळून मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, सरळ रेषेत, गोल नाही, आणि चाकांना वेगळं मिट. धुतल्यावर जेवणाच्या डब्याला बांधतात तसली पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं बोनेटवरून हळू फिरवा, नुसत्या हाताला काचेसारखं वाटणारं बोनेट पिशवीतून रव्यासारखं खरखरीत लागेल, ती लोखंडाची धूळ आणि पेंटचे कण. तिथे क्ले बार (कण उचलून घेणारा मातीसारखा मऊ तुकडा) लागतो, भरपूर ल्युब्रिकंट मारून, जोर न देता. क्ले हातातून खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या, पैशाकडे बघू नका.

कोटिंगबद्दल. ९एच ऐकून लोकांना वाटतं गाडीवर काच बसली. ९एच ही पेन्सिलीच्या टेस्टची भाषा आहे, ड्रॉइंगच्या पेन्सिलीने घासून चरा पडतो का ते बघतात आणि ९एच ही त्या सेटमधली सगळ्यात कडक पेन्सिल. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा, त्याने दगड थांबत नाही आणि घाणेरड्या फडक्याचे चरेही थांबत नाहीत. हायवेला ट्रकच्या मागून उडणाऱ्या खडीसाठी पीपीएफ (पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म) असतो, तो दीडशे-दोनशे मायक्रॉनचा, वेगळी गोष्ट आणि वेगळे पैसे. कोटिंग चांगलंच आहे, धुवायला सोपं जातं, चिमणी-कबुतराची घाण लवकर सुटते, पण ते खालचं जे असेल ते तसंच बंद करून ठेवतं, म्हणजे पॉलिश कच्चं असेल तर तोच धूसरपणा दोन-तीन वर्षं बघत बसायचं. आणि लावताना पुसायची वेळ चुकली की तेलाच्या तवंगासारखे डाग पडतात, ते काढायला परत पॉलिश. ती वेळ मे महिन्यात वेगळी आणि जुलैत वेगळी, बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांवर न जाता पत्र्याकडे तिरकं बघत राहावं लागतं.

जाता जाता एक, दसऱ्याला गाडीची पूजा आम्हीही मनापासून करतो, पण झेंडूचा हार बोनेटवर बांधून हायवेला जाऊ नका, त्यातली तार आणि सुतळी वाऱ्याने बोनेटवर घासत राहते. दसरा झाला की त्या आठवड्यात माझ्याकडे तसल्या दोन-तीन गाड्या हमखास येतात. पूजा झाली की हार उतरवून आतल्या आरशाला लहानसा तुकडा बांधा, बास.

आता तुमच्या ३० हजारांचं. स्टुडिओवाल्याला बाटलीचं नाव विचारू नका, तीन गोष्टी विचारा. पेंटची जाडी मोजायचा गेज आहे का आणि माझ्यासमोर मोजणार का. आधी एका चौकोनावर टेस्ट स्पॉट करून दाखवणार का. आणि तो चौकोन पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मग दाखवणार का, कारण काही पॉलिशमधलं तेल चरे तात्पुरते बुजवतं आणि चार धुण्यांत जाळं परत येतं, अल्कोहोलने पुसलं की जे उरतं तेच खरं. तिन्हीला हो म्हणाला तर माझ्या मते भाव ठीक आहे, घासाघीस करायचीच तर कोटिंगच्या वर्षांवर करा, पॉलिशच्या दिवसांवर नको.

आणि स्वतःच करायची हौस असेल, ती चांगलीच आहे, तर ऑनलाइन कार्टमध्ये आत्ता फक्त मिट, शाम्पू आणि सहा-आठ चांगली मायक्रोफायबर ठेवा. मशीन घ्याल तेव्हा जवळच्या डेंटर-पेंटरकडून भंगारातलं एखादं काळं बोनेट मागून आणा, दोन-चारशे रुपयांत देतो, ओळख असेल तर असंच. दोन-तीन रविवार त्याच्यावर हात बसवा, मुद्दाम कड जाळून बघा म्हणजे किती लवकर जळते ते कळेल. मग आपल्या गाडीच्या डिकीवर टेप लावून एक चौकोन.