‘आयसोलेशन’ म्हणजे विलगीकरण?

प्रश्न असा आहे: ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवरच्या (म्हणजे तिच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमवरच्या) मजकुरात ‘रिसोर्स ग्रुप आयसोलेशन’ला ‘संसाधन गट विलगीकरण’ म्हणता येईल का?

माझ्या मते नको. विलगीकरण हा शब्द २०२० नंतर घरोघरी पोचला. तो ऐकला की वेगळी खोली आणि बंद दार डोळ्यांपुढे येतं. डिस्कच्या बाबतीत असं दार नसतंच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सीग्रुप या सोयीने प्रोसेसचे (चालू असलेल्या प्रोग्रॅमचे) गट पाडले, तरी सगळ्यांची डिस्क एकच आणि वाचण्या-लिहिण्याच्या मागण्याही शेवटी तिच्याकडेच येतात. (‘रिक्वेस्ट’ला मी मागणी म्हणतो, विनंतीत आर्जव आहे, आणि प्रोसेस काही आर्जव करत नाही.) कर्नल फक्त एवढं बघतो, की एका गटाने मागण्यांचा भडिमार केला तरी दुसऱ्याला त्याची झळ लागू नये.

मग ‘राखीव वाटा’? हाही फसवा आहे. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटाला १ ते १०००० पर्यंत वजन देता येतं. काहीच न दिल्यास ते १०० धरतात. एकाचं वजन १००, दुसऱ्याचं ३०० असेल आणि दोघांच्याही मागण्या सतत येत असतील, तर डिस्क साधारण एकास तीन अशी वाटली जाते. पण दुसरा गट स्वस्थ असेल तर पहिला सगळी डिस्क वापरू शकतो. राखीव जागा अशी दुसऱ्याला मिळत नाही. कमाल मर्यादेची गोष्ट वेगळी: ती घातली की डिस्क रिकामी असली तरी गटाला थांबावंच लागतं. तिथे ‘मर्यादा’ हा साधा शब्द पुरतो.

मला इथे ‘अबाधित’ हवासा वाटतो. हक्क अबाधित ठेवणे हा प्रयोग आपल्या तोंडात आहेच. तसंच ‘गटाचा वाटा अबाधित राखणे’. शिवाय ‘बाधा’ शब्द दोष नेमका कुठे शिरतो तेही सांगतो. फाइलसिस्टिमचं (डिस्कवर फाइली सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं) जर्नल, म्हणजे बदलांची आधी नोंद करायची वही, सगळ्या गटांचं सामाईक असतं. मर्यादेने आवळलेल्या गटाचं लेखन त्यात अडकलं, तर ज्याच्यावर काहीच बंधन नाही तो गटही मागे खोळंबतो. याला ‘विलगीकरण फसलं’ म्हणणं बरोबर नाही, कारण वेगळं काही केलेलंच नव्हतं. ‘एकाची बाधा दुसऱ्याला झाली’ म्हटलं की घडलं ते जसंच्या तसं कळतं.

शीर्षकात नाम हवंच असेल तर ‘वाट्याची अबाधितता’ लिहा. वाक्यात मात्र क्रियापदच वापरा.