रोजची चार पानं

प्रश्न : ताई, आमच्या मंडळाचा हस्तलिखित दिवाळी अंक अठरा वर्षं मीच काढतोय. आता बँकेतून निवृत्त झालो, वेळच वेळ आहे. पण स्वतःची विज्ञानकथा काही पुढे सरकत नाही. दुसऱ्यांच्या कथा दुरुस्त करता करता माझं लिहिणं आटलं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दादा, खजुरी बाजारात जेईईच्या गाइडांखाली दबलेली ‘गेटवे’ ही विज्ञान कादंबरी मला चाळीस रुपयांत मिळाली होती, मुखपृष्ठ उडालेली. तिचा लेखक अमेरिकेचा फ्रेडरिक पोल, जन्म १९१९चा. शाळा अर्धवट सोडलेला हा मुलगा विशीच्या आसपास दोन विज्ञानकथा मासिकांचा संपादक झाला. पगार आठवड्याला १० डॉलर, लेखकांना शब्दामागे अर्धा सेंट. एवढ्याशा पैशांत नावाजलेले कुठून येणार? मग त्यानं मित्रांच्या कथा घेतल्या आणि टोपणनावानं स्वतःच्याही. (पान भरायला तुम्हीही हे केलंय, खरं सांगा!)

पुढे तो लेखकांचा एजंट झाला, म्हणजे त्यांची पुस्तकं प्रकाशकांना विकून देणारा. विज्ञानकथाकार आयझॅक आसिमॉव्हची पहिली कादंबरी प्रकाशकाकडे पोचली ती त्याच्यामुळे. धंदा मात्र कर्जात बुडाला. साठच्या दशकात ‘गॅलक्सी’ आणि ‘इफ’ ही मासिकं त्याच्या हाती आली. ‘इफ’ त्यातलं धाकटं, मानधनही कमी. तिथे तो दर अंकात एखाद्या कोऱ्या लेखकाची पहिली कथा छापू लागला. विज्ञानकथाकार लॅरी निव्हन १९६४ मध्ये असाच आला. १९६६ ते १९६८ सलग तीन वर्षं विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार पटकावला तो या धाकट्या ‘इफ’नंच.

१९६९ मध्ये खुर्ची सुटली. ‘गेटवे’ आली १९७७ मध्ये, पोल तेव्हा सत्तावन्न वर्षांचा! आधी ती क्रमशः छापली गेली ‘गॅलक्सी’तच, दुसऱ्या संपादकाच्या हाताखाली. तिची गोष्ट अशी : परग्रहवासीयांनी मागे टाकलेली अंतराळयानं कुठे नेतील, परत आणतील का, कुणालाच ठाऊक नाही. तरी माणसं पोटासाठी त्यांत चढून बसतात. ह्यूगो आणि नेब्युला, विज्ञानकथांचे हे दोन्ही मोठे पुरस्कार या कादंबरीलाच. त्याची याआधीची एकट्यानं लिहिलेली कुठलीच कादंबरी मला इतकी भिडली नाही.

पण तो खुर्ची सुटायची वाट पाहत बसला नव्हता. रोज चार पानं लिहायची, घरी असो की प्रवासात, हा त्याचा नेम.

आणि आटलं म्हणता? तुमचं पत्र मुळात सहा पानी होतं, पाठपोट. कापून मी एवढंसं केलंय.