गाडी विकतोयस ते ठीक, पण तिला सांगितलंस का?

अरे,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. बाबांची यामाहा आरएक्स हंड्रेड बाइक विकून साखरपुड्याची अंगठी घेणार म्हणतोस, वा रे पठ्ठ्या! सगळे तुला वेड्यात काढत असतील, मी नाही काढणार, कारण २००३ ला मीपण हेच केलंय, माझीपण आरएक्सच होती, तीच ९८ सीसी टू स्ट्रोक. १९९६ ला बंद झाली म्हणून लोक आज तिच्यासाठी जीव टाकतात, तेव्हा एवढी क्रेझ नव्हती. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं आणि इंजिनात पेट्रोलसोबत जळणाऱ्या टूटी ऑइलचा तो धूर आमच्या जिन्यात बराच वेळ रेंगाळत होता.

गाडीचं एवढं वाईट नाही वाटत आता. वाईट याचं वाटतं की बायकोला सांगितलंच नव्हतं, सरप्राइज द्यायचं होतं ना! तिला अंगठी मिळाली आणि मी मनात उधारीची वही उघडून बसलो. पुढे चार वर्षांनी कशावरून तरी वाजलं, बहुतेक सिलिंडर बुक करायचा राहिला होता, आणि मी बोलून गेलो, तुझ्या अंगठीपायी गाडी विकली मी. ती म्हणाली, विचारलं होतंस मला? मला त्या गाडीवर मागे बसायला आवडायचं, अंगठी तर मी कणीक मळताना काढूनच ठेवते. घ्या आता.

तर आधी तुझ्या होणाऱ्या बायकोला सांग. ती म्हणाली तीन ग्रॅमची साधी चालेल, तर गप ऐक, हिरोगिरी नको.

तरी विकायचीच ठरली तर एजंटच्या नादी लागू नकोस. इंजिन नंबर, चासी नंबर आरसीशी जुळतायत का बघ, १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं ते केलंय का बघ. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून कुणाला द्यायचे नाहीत. आणि गाडी बाबांच्या नावावर असेल तर सही त्यांची लागणार, म्हणजे त्यांनाही विचारलंयस ना रे?

अंगठी घेताना हॉलमार्कसोबत एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर, बघच, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, हॉलमार्क देणाऱ्या सरकारी बीआयएसच्या बीआयएस केअर ॲपवर तो नंबर तिथंच टाकून बघ, सराफ तोंड वाकडं करेल, करू दे. हिऱ्याची घेणार असशील तर ती बहुतेक १८ कॅरेटमध्ये येते, ७५० लिहिलेलं असतं, २२ चा भाव लावू देऊ नकोस. सोन्याचं वजन खडा सोडून वेगळं लिहून घे. घडणावळीवर घासाघीस होते, लाजू नकोस, मोडायला गेलास तर ते पैसे परत येत नाहीत.

रविवारी गाडी घेऊन ये इकडे, प्लग मी साफ करून देतो. गिऱ्हाइकासमोर चौथ्या किकला चालू झाली तर तिथंच भाव पाडेल तो.